दुसरा प्रश्न

कुडाळ,
१८ जून

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता तू मध्येच थांबलीस आणि "बाबा, ठेवते, राउंड आहे" म्हणालीस. रविवारी रात्री साडेआठला कुठली राउंड असते, हे छत्तीस वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाला कळत नाही असं समजू नकोस. आई म्हणाली, "रडू आलं असणार पोरीला. लिहा काहीतरी." फोनवर मला तीन वाक्यांपुढे जाता येत नाही, म्हणून हे पत्र.

तू सांगितलेला तो प्रसंग काही केल्या डोक्यातून जात नाही. मानसोपचाराच्या थिसिससाठी हॅमिल्टनचा फॉर्म, म्हणजे डिप्रेशन मोजायची ती प्रश्नावली, भरून घेत होतीस. पहिला प्रश्न, उदास वाटतं का? बाई म्हणाली, "डोक्सं दुखते." दुसरा प्रश्न, अपराधी वाटतं का, आपल्या हातून पाप घडलं असं मनात येतं का? त्यावर ती पन्नाशीची बाई पदर सावरत उठलीच. "म्या कोनाचं काय वाईट केलं वं? मी कायले अपराधी?" असं म्हणून केसपेपर उचलून चालती झाली. सर म्हणाले, शून्य टाक आणि पुढचा पेशंट घे. तू शून्य टाकलंस, आणि ते शून्य तुला खुपतंय.

मला विचारशील तर खुपतंय हे चांगलं लक्षण आहे. बघ ना, पुण्याच्या मराठीत छापलेला फॉर्म, समोर वऱ्हाडातली बाई आणि विचारणारी मालवणी मुलूखातली मुलगी. तिघांचीही मातृभाषा मराठीच म्हणायची! त्यात मूळ प्रश्न हॅमिल्टनसाहेबांनी १९६० साली इंग्लंडमध्ये, तिथल्या रुग्णांसाठी बेतलेले.

तुझ्या या दुसऱ्या प्रश्नाला शंभरावर वर्षं होऊन गेलीत. ज्यांच्या मनोविकारांच्या वर्गीकरणावर तुमचं निम्मं पाठ्यपुस्तक उभं आहे ते जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन १९०४ मध्ये बोटीने जावा बेटावर गेले. बाउटेनझोर्ग, म्हणजे आजचं बोगोर, तिथे डचांनी बांधलेलं वेड्यांचं इस्पितळ होतं. जर्मनीत आपण जे आजार वेगळे काढले तेच या लोकांना होतात का, हे त्यांना पाहायचं होतं. आजार सापडले, पण चेहरा निराळा. खिन्नतेच्या रुग्णांत अपराधीपणाची भावना जवळपास दिसेना, जी युरोपात हमखास असायची. जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. कारण मात्र असं दिलं की ही माणसं मानसिक वाढीच्या खालच्या पायरीवर आहेत. निरीक्षण अव्वल, निष्कर्ष घरून बांधून आणलेला. तुझ्या फॉर्मवरचं शून्य त्याच कुळातलं आहे. बाईने उत्तर दिलं होतं, फक्त ते उतरवून घ्यायला फॉर्मवर चौकट नव्हती.

आता माझं ऐक. हे तुला आजवर सांगितलेलं नाही.

दवाखाना सुरू केला त्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. पलीकडच्या वाडीतली एक बाई दर पंधरवड्याला, बाजाराच्या दिवशी यायची. नवरा गिरणीत होता. १९८२ चा संप झाला, गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही, आणि दोन वर्षं इकडेतिकडे काढून तो गावी येऊन पडवीत बसला. बाईची तक्रार ठरलेली. "डॉक्टरानू, हातापायांची आग होता. जीव घाबरो होता. काळजात धडधडता. रात्री झोप येणा नाय." नाडी ठीक, छाती साफ, रक्त थोडं कमी. मी लोहाच्या गोळ्या द्यायचो आणि ती मागायची म्हणून ते लाल इंजेक्शन, बी-बाराचं. मग ती कनवटीची पुरचुंडी सोडायची, तिच्यातली नाणी टेबलावर एकेक करून मांडायची, ती पुन्हा मोजायची आणि जायची. चार दिवस बरं वाटायचं. पंधराव्या दिवशी पुन्हा हजर. किती वर्षं? अकरा. अकरा वर्षांत तिला किती लाल इंजेक्शनं दिली असतील याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला आणि निम्म्यातच टाकून दिला.

आपले कंपाउंडरकाका एकदा दुपारी बाटल्या धुता धुता म्हणाले, "डॉक्टर, तिका इंजेक्शन नको. तिका ह्यो बाकडो व्हयो." बाहेरच्या बाकावर ती नंबर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास बसायची आणि काकांशी बोलत राहायची. नवऱ्याचं पिणं, विकलेली कलमं, दिरांची कुजबूज, सगळं. आत आल्यावर मला सांगायची ती हातापायांची आग. मी विचारलं असतं तर सांगितलं नसतं असं नाही, पण मी कधी विचारलंच नाही. माझ्या हातात स्टेथोस्कोप होता, त्यामुळे ती मला ऐकू येण्यासारखंच सांगत होती.

गोव्यात बांबोळीला एका सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणीच्या वर्गात, कुणीतरी एका लेखाची झेरॉक्स हातात दिली. ती वाचली आणि मला ही बाई दिसायला लागली. लेखक आर्थर क्लाइनमन. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, पण हा गृहस्थ वैद्यकावर थांबला नाही, मानववंशशास्त्र शिकला, चिनी भाषा शिकला आणि आधी तैवानमध्ये देवर्षी, वैदू, डॉक्टर या सगळ्यांच्या दारात बसून आला. मग १९८० मध्ये तो हुनान प्रांतातल्या चांग्शा शहरात वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत गेला. तिथे सगळ्यात जास्त होणारं निदान होतं 'शेन्जिंग श्वाइरुओ', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता. डोकं दुखतं, झोप नाही, चक्कर येते, अंगात त्राण नाही.

यातली गंमत अशी की हा आजार चीनचा नव्हेच. जॉर्ज बिअर्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १८६९ मध्ये त्याला न्यूरॅस्थेनिया असं नाव दिलं. आगगाडी, तारयंत्र, धकाधकीचं आयुष्य यांनी शहरी माणसाची नसांमधली शक्ती संपते, असं त्याचं म्हणणं. श्रीमंत अमेरिकनांना तो आपल्या प्रगतीचा दाखलाच वाटायचा. पुढे तिकडे तो जुना झाला आणि १९८० च्या डीएसएममधून, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पोथीतून, नावासकट गेला. पण तोवर तो जपान-चीनला पोचला होता आणि तिथे घरचा होऊन बसला होता. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेने तो आजार रद्द केला, त्याच वर्षी एक अमेरिकन डॉक्टर चीनमध्ये त्याचे रुग्ण मोजत होता.

क्लाइनमनने असे १०० रुग्ण नीट तपासले. अमेरिकन निकष लावले तर त्यातल्या ८७ जणांना डिप्रेशन होतं. दुसरा कुणी असता तर "चिन्यांचं निदान चुकतंय" असा शेरा मारून परत गेला असता. हा तिथेच बसला आणि एकेकाची हकीकत ऐकत गेला. सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झालेली घरं, नवरा एका गावी आणि बायकोची नेमणूक दुसऱ्या गावी, वर्षानुवर्षं न बदलणारा वरिष्ठ. मन खचलंय असं म्हणायची तिथे सोय नव्हती. खचलेला माणूस म्हणजे सरकारवर नाराज माणूस असा संशय येई. डोकेदुखीला कोणी गद्दार म्हणत नाही. सुट्टी मिळते, काम बदलून मागता येतं. औषधांनी बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली. तरी दवाखान्याच्या फेऱ्या आणि आयुष्यातली अडचण तशीच राहिली, कारण कामावरचा किंवा घरातला तिढा सुटलेला नव्हता.

हे वाचून मी आपल्या बाईला रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, सुरू केली, अगदी थोडी. झोप लागली, धडधड कमी झाली. आग मात्र थांबेना, आणि येणंही. वर्षभराने तिच्या नवऱ्याला काजूच्या कारखान्यात राखणदारीचं काम मिळालं. त्यानंतर ती यायची बंद झाली. बाजारात एकदा समोर आली तेव्हा मी विचारलं, "आता आग होत नाही?" ती माझ्याकडे नवलाने पाहत म्हणाली, "कसली आग?"

चांग्शाला न जाता मला चांग्शाचा निकाल कुडाळच्या मासळीबाजाराबाहेर मिळाला. पण मी तो कुठे लिहिला नाही, छापला नाही. संशोधक आणि माझ्यासारखा डॉक्टर यांत एवढाच काय तो फरक.

क्लाइनमनने १९७७ मध्येच एक इशारा देऊन ठेवला होता. एका समाजात तयार झालेलं निदानाचं माप दुसऱ्या समाजावर लावायचं, ते बसणारे चार लोक सापडले की "बघा, आजार इथेही आहे" म्हणायचं, आणि त्या मापाला तिथे काही अर्थ आहे का हे तपासायचंच नाही, या चुकीला त्याने 'कॅटेगरी फॅलसी' असं नाव दिलं. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी तीच गोष्ट उलटी करून दाखवली. समजा आपल्याकडचा डॉक्टर धातू जाण्याचा फॉर्म इंग्रजीत भाषांतर करून अमेरिकेत गेला. अशक्तपणा आहे का, स्वप्नं पडतात का, वीर्य जातं का? हो म्हणणारे हवे तेवढे मिळतील. मग अमेरिकेत धातुरोगाची साथ आहे असा अहवाल द्यायचा का? मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा एकटाच हसत बसलो होतो. आईला वाटलं, हे पुन्हा पेपरातले विनोद वाचताहेत.

धातूवरून आठवलं. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' रंगवलेलं तू लहानपणी मोठ्याने वाचायचीस आणि आई तुझ्या तोंडावर हात ठेवायची. ती पोरं नंतर माझ्याकडेच यायची, पैसे उडवून आणि अर्धमेली होऊन. चंडीगडच्या डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या प्रकाराला धात सिंड्रोम असं नाव दिलं. पोरगं घाबरलेलं असतं, खचलेलं असतं, आणि त्या सगळ्याचं खापर फोडायला संस्कृतीने त्याच्या हाती एक जागा दिलेली असते. बायकांच्या बाबतीत तीच जागा म्हणजे 'अंगावरून पांढरं जाणं'. आम्ही सगळे जण त्यावर जंतूंच्या गोळ्या देत आलो. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मंडळींनी बायकांची पाहणी करून २००५ मध्ये दाखवलं की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट आहे. माझ्या घरापासून दोन तासांच्या वाटेवरचं हे संशोधन. मी माझ्या त्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आठवल्या आणि दोन दिवस आईशीही नीट बोललो नाही.

पटेलांचं करिअर तू जरूर बघ. त्यांच्यासारखं हो म्हणून नाही, वाट कशी वळली ते बघ म्हणून. मुंबईचा मुलगा, ग्रँट मेडिकल, मग ऑक्सफर्ड, लंडन. १९९३ मध्ये झिंबाब्वेतल्या हरारेला गेले. डिप्रेशन हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं डोक्यात घेऊन. तिथे शोना भाषेत लोक एक शब्द वापरत होते, 'कुफुंगिसिसा'. फार विचार करणं. आपल्याकडे "इचार करून करून डोक्याचा भुगा झालो" म्हणतात, तेच. पटेलांनी शोना लोकांच्या शब्दांतूनच शोनांसाठी प्रश्नावली रचली. आणि त्यांना जे सापडलं त्याने त्यांचीच कल्पना मोडली. त्रास तोच होता, नाव निराळं होतं, कारण निराळं सांगितलं जात होतं. आपलंच मत खोटं ठरवणारी माहिती गोळा करायची आणि ती छापायची. मला वाटतं, या धंद्यात खरी कसोटी तीच.

मग ते गोव्यात आले, १९९६ मध्ये 'संगात' ही संस्था सुरू झाली. तज्ज्ञ मिळत नाहीत तर गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना समुपदेशन शिकवायचं, असा घाट. त्याची मोठी चाचणी २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण तसेही बऱ्यापैकी बरे होत होते. हा भाग मी कंपाउंडरकाकांना वाचून दाखवला. काका म्हणाले, "ह्या तुमच्यामुळे नाय, बाकड्यामुळे." पुढे हरारेतच डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी दवाखान्याबाहेर झाडाखाली लाकडी बाक टाकले आणि त्यावर म्हाताऱ्या आज्यांना शिकवून बसवलं, हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पेन्शन मागतील.

तुझ्या जवळचंही एक सांगतो. 'संगात'नेच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम केला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला मुलूख. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी शंभरात चार-साडेचार होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. तरी विचार कर, उरलेले त्र्याहत्तर कुठे आहेत? ते तुझ्या ओपीडीबाहेर डोकेदुखीच्या, मेडिसिनच्या, त्वचारोगाच्या रांगेत उभे आहेत. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातली मंडळी नेमकी अशाच रांगांत गेली. 'थकवा' आणि 'अशक्तपणा' हे दोन शब्द घेऊन ते मानसोपचार, मेडिसिन, त्वचा आणि आयुर्वेद अशा चार ओपीडीत जाऊन बसले. अशक्तपणा! हा शब्द मी छत्तीस वर्षांत लाखभर वेळा ऐकला असेन. त्यावर एखादा अभ्यास उभा राहू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण तू चटकन एका बाजूला झुकतेस. संस्कृती म्हटलं की सगळं गोड मानायचं नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागली. पंचवीसहून जास्त मनोरुग्ण जळून मेले. पळता आलं नाही, कारण साखळीने बांधलेले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूतल्याच एका देवळाचा अभ्यास आला. तिथे ३१ रुग्ण साधारण सहा आठवडे राहिले. औषध नाही, मारझोड नाही, साखळी नाही. देवळाची झाडलोट, बागेला पाणी, सोबत घरचं माणूस. त्यांची लक्षणं जवळपास वीस टक्क्यांनी उतरली. एकाच राज्यातल्या दोन देवस्थानांच्या या गोष्टी, वर्षभराच्या अंतराने. "देवर्षी चांगले की वाईट" असा निबंधाचा प्रश्न घेऊन जाणाऱ्याला यातलं काहीच हाती लागत नाही. मी स्वतः कौल लावून आलेल्यांना कधी हाकललं नाही. "गाऱ्हाणं घाला आणि गोळीही घ्या" म्हणायचो. पण मिरचीची धुरी दिलेली मुलगी आणली होती तेव्हा मी पोलिसांत जायला हवं होतं. गेलो नाही. तेव्हा जादूटोण्याचा कायदा नव्हता, ही सबब मी बरीच वर्षं वापरली.

आणि संस्कृती म्हणजे गावाच्या वेशीवर रोवलेला दगडही नव्हे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एकाच घरातल्या तिघी एकाच सकाळी आल्या. आजी म्हणाली, "जीव घाबरो होता." सून म्हणाली, "डॉक्टर, टेन्शनमुळे बीपी वाढलंय." नात बारावीला, मोबाइल पर्समध्ये ठेवत म्हणाली, "सर, मला ॲन्झायटी आहे. आजीसमोर नको बोलूया." एक ओसरी, एक चूल, आणि तीन काळातली तीन दुखणी. किंवा कदाचित एकच. चीनमध्येही क्लाइनमननंतरच्या पंधरा-वीस वर्षांत न्यूरॅस्थेनिया मागे पडून डिप्रेशनचा बोलबाला झाला. तुझा फॉर्म त्या नातीला बरोबर बसेल. आजीला बसणार नाही. म्हणून फॉर्म फाडून टाकायचा नसतो. विद्यापीठाला हॅमिल्टन हवा आहे, तर हॅमिल्टन भर. पण त्याच्या आधी एक कोरं पान जोड. तुम्हाला काय होतंय, त्याला तुमच्या घरात काय म्हणतात, कशामुळे झालं वाटतं, सगळ्यात भीती कशाची वाटते? असे प्रश्न क्लाइनमनने तयार केले होते, आणि आता डीएसएममध्येच अशा १६ प्रश्नांची मुलाखत आहे. तिची चाचणी पुण्यातही झाली आहे, म्हणजे मराठीत विचारून पाहिलेले शब्द कुणाकडे तरी आहेत. पत्र टाक. एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती द्यावी लागेल, एक-दोन महिने जातील. जाऊ देत. सर चिडतील. चिडू देत, पण त्यांच्याशी बोलताना आवाज चढवू नकोस. ती सवय तुला माझ्याकडून लागली आहे.

परदेशाचं म्हणालीस. जा. आईला मी समजावीन. जाण्याआधी एवढंच बघ, की क्लाइनमनसारखा माणूसही आयुष्यभर शिकतच होता. त्यांची बायको जोन चिनी वाङ्मयाची जाणकार, चीनमधल्या कामात त्यांच्या बरोबरीने. तिला साठीच्या आत अल्झायमर झाला. सेवाशुश्रूषेवर जगभर व्याख्यानं दिलेल्या या प्राध्यापकाला तिला आंघोळ घालायला, घास भरवायला शिकावं लागलं. २०११ मध्ये ती गेली. नंतर त्यांनी त्यावर लिहिलं. ते मी वाचलं तेव्हा आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणात होती, आणि मला साधी पेज धड करता येत नव्हती.

हसशील, पण सांगूनच टाकतो. दवाखाना बंद केला त्यानंतर चार महिने मला गॅस होत होता. छातीत दाटायचं, पहाटे तीनला जाग यायची. ईसीजी केला, एंडोस्कोपी केली, ओवा खाल्ला. आई एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "गॅस नव्हे हो. तुम्हाला कोणी 'डॉक्टरानू' म्हणत नाही ना आता." मी रागावून आत गेलो. पहाटे तीनच्या सुमारास मला तिचं म्हणणं पटलं. तेव्हा माझ्यासमोर तुझा फॉर्म ठेवला असता आणि विचारलं असतं, उदास वाटतं का, तर मी सरळ 'नाही' लिहिलं असतं. अपराधी वाटतं का, या प्रश्नावर मात्र थोडा थांबलो असतो.

एक पार्सल पाठवतो आहे. औषध कंपन्यांनी दिलेल्या डायऱ्या आहेत, अकरा. हिशेबासाठी त्या कधी वापरल्याच नाहीत. काकांनी बाकाचं सांगितलं त्या दिवसापासून पेशंटांचे शब्द त्यांत लिहून ठेवत गेलो. आग, मुंग्या, धडधड, घाबरो, गोळो, पोटातसून वर येणारी कळ, "मगजात किडो वळवळता". समोर कंसात बाई की बाप्या, वय, आणि जमलं तर घरातली काय ती भानगड. नावं कुठेही नाहीत. १९९९ ची डायरी वाळवीने खाल्ली आहे, तिची पानं जपून उलट. माझं अक्षर तुला लागेल, बाकी कुणाला लागणार नाही.

शेवटच्या डायरीत एका पानावर 'वऱ्हाड' असं लिहून ठेवलंय. ते कोरंच आहे. 'डोक्सं दुखते' आणि 'डोक्सं भणभणते' या दोन्हींत तिकडे काय फरक करतात? वॉर्डातल्या मावशींना विचार आणि मला कळव.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलच्या तळाशी आईने खाजं आणि आगळाची बाटली ठेवली आहे. बाटलीला तीन पिशव्या बांधल्यात, तरी डायऱ्या आधी बाहेर काढ.